फक्त चहाच घेतला होता

रविवारी सकाळी साडेसात वाजता स्नेहा पगारेने पप्पांच्या चहाच्या कपात थर्मामीटर बुडवला, तेव्हा आकडा आला एकाहत्तर. तिने तो वहीत लिहून घेतला. तेवढ्यात पप्पांनी कप उचलला, तोंडाला लावला आणि चार घोटांत रिकामा करून खाली ठेवला. एकाहत्तर अंश म्हणजे ज्यात बोट घातलं तर माणूस ओरडेल इतकं गरम. भिकन पगारे ओरडले नाहीत. आज चहा जरा निवलेला वाटला, एवढंच म्हणाले.

त्यांच्या म्हणण्याला आधार होता. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात त्यांनी एकतीस वर्षं बॉयलरवर काढली होती. पाचशे चाळीस अंशांची वाफ सांभाळून निवृत्त झालेल्या माणसाला एकाहत्तर अंशांची भीती घालायची, हा प्रयोगच मुळात चुकीच्या माणसावर चालला होता.

पण भीती स्नेहाला वाटत होती आणि तिलाही आधार होता. गेले दोन महिने पप्पा बाजरीची भाकरी कालवणात कुस्करून, भिजवून खायला लागले होते. एरवी ते कोरडी भाकरी कांद्याबरोबर कडाकडा खायचे आणि कुस्करून खाणाऱ्यांना म्हातारे म्हणायचे. आता मध्येच घास अडकला की छातीच्या मधोमध मूठ दाबून बसायचे, पाणी प्यायचे आणि ‘जरा घाई झाली’ म्हणायचे. ज्या माणसाला निवृत्तीनंतर कसलीच घाई उरली नव्हती, त्याला दिवसातून दोनदा घाई व्हायला लागली होती. बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी. केलेल्या मुलीला घास अडकण्याचा अर्थ पुस्तकाच्या कुठल्या पानावर असतो हे माहीत असतं. ते पान तिने वाचलं. त्यावर साध्या सुजेपासून अन्ननलिकेच्या कर्करोगापर्यंत सगळं एकाच वाक्यात, मध्ये नुसते स्वल्पविराम देऊन लिहिलेलं होतं.

मग तिने आणखी वाचलं, इथे गडबड झाली. एका अभ्यासात चहा पिणाऱ्यांना धोका जास्त निघाला होता. दुसऱ्यात कमी. तिसऱ्याचं म्हणणं, चहाचा आणि कॉफीचा दोष नाही, पण पासष्ट अंशांहून गरम काहीही पिणं बहुधा वाईट, मग ते नुसतं पाणी का असेना. कॉफीने छातीतली जळजळ वाढते असं एक मंडळी सांगत होती, वाढत नाही असं दुसरी. पाचव्या दिवशी स्नेहाला एवढंच नक्की कळलं होतं की या अभ्यासांत लोकांना विचारलेलं असतं, तुम्ही चहा कोमट पिता, गरम पिता की फार गरम पिता. तिने हाच प्रश्न पप्पांना विचारला. ते म्हणाले, कोमट.

त्यानंतर तिने थर्मामीटर मागवला.

एकाच माणसाच्या कपावरून निष्कर्ष काढू नये, हे तिच्या शिक्षणातच होतं. म्हणून ती नाशिकच्या उपनगर भागातल्या त्यांच्या सम्यक कॉलनीत थर्मामीटर घेऊन फिरली. शेजारच्या उज्वलाकाकूंच्या चहाला सहासष्ट आले. काकूंनी लगेच विचारलं, समोरच्या राखीवहिनींना किती पडले? राखीवहिनींना अडुसष्ट पडले होते. काकूंचा चेहरा उतरला. कॉलनीत पाहुण्याला गार चहा देणं म्हणजे त्याला दारातून परत पाठवण्यासारखंच, आणि आता तर त्याची लेखी नोंद होत होती. संध्याकाळी काकूंनी स्नेहाला मुद्दाम बोलावलं, कप आधी गरम पाण्यातून काढून घेतला आणि चौऱ्याहत्तर मिळवले. दुसऱ्या दिवशी राखीवहिनी अठ्ठ्याहत्तरवर गेल्या. लोकांनी चहा जरा निववून प्यावा म्हणून निघालेल्या मुलीमुळे आठवड्याभरात अख्ख्या गल्लीचा चहा सरासरी सात अंशांनी तापला. स्नेहाने हा आकडा वहीत लिहिला आणि वही मिटून कपाटात ठेवली.

सल्ले मात्र मिटेनात. उज्वलाकाकूंनी उपाशीपोटी गार दूध सांगितलं. राखीवहिनींनी गुळाचा चहा सांगितला, तो कितीही घेतला तरी बाधत नाही म्हणे. पप्पांचे बॉयलरवरचे जुने जोडीदार सावळीराम काका दिंडोरीजवळच्या मळ्यातून द्राक्षांची पेटी घेऊन आले आणि म्हणाले, “पगारे, चहा सोड आन् कॉफी धर. माझा पुतण्या कॉफीच पितो. त्याला काय होत नाय.” पुतण्याचं वय तेवीस होतं, हे त्यांनी सांगितलं नाही.

पप्पांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि स्वतःची पद्धत काढली. एकात धोका जास्त आणि दुसऱ्यात कमी असेल, तर दोन्ही घ्यावं, म्हणजे फिट्टंफाट होईल. त्या दिवसापासून सकाळी चहावर कॉफी सुरू झाली. स्नेहाला हे खोडून काढायचं होतं. तिने रात्री दीड वाजेपर्यंत वाचलं, पण असं करू नये असं स्पष्ट लिहिलेलं तिला कुठेच सापडलं नाही.

शेवटी लताबाईंनी, म्हणजे तिच्या मम्मीने, नवऱ्याला रिक्षात घालून डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी दोन प्रश्न विचारले आणि कागदावर लिहून दिलं, दुर्बिणीने तपासणी. तोंडातून नळी घालून अन्ननलिका आतून बघायची. तपासणी नाशिकरोडच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात, फक्त मंगळवारी, सकाळी दहाला, उपाशीपोटी. स्नेहाला हायसं वाटलं. थर्मामीटरला आणि परदेशातल्या अभ्यासांना जे सांगता येत नव्हतं ते एक कॅमेरा वीस मिनिटांत सांगणार होता.

पहिल्या मंगळवारी ती नंबर लावायला सात वाजताच पुढे गेली. मम्मी-पप्पा साडेनऊला आले, दोघेही इस्त्रीच्या कपड्यांत. टेबलामागच्या सिस्टरने विचारलं, सकाळपासून काही खाल्लं का? पप्पा म्हणाले, काही नाही. तिने पुढे विचारलं, काही प्यायलात?

“नाही,” पप्पा म्हणाले. “फक्त चहाच घेतला होता.”

सिस्टरने पेन खाली ठेवलं. लताबाईंना वाटलं तिचा गैरसमज होतोय, म्हणून त्या पुढे झाल्या आणि म्हणाल्या, नुसता चहा दिलाय, मागत होते तरी बिस्कीट दिलं नाही. हे त्यांनी थोड्या अभिमानाने सांगितलं.

इथे लताबाईंची बाजू समजून घेतली पाहिजे. आपल्याकडे चहा हा खाण्यातही धरत नाहीत आणि पिण्यातही धरत नाहीत. पाच घरी चहा घेऊन आलेला माणूस सहाव्या घरी सांगतो की सकाळपासून पोटात काही नाही, आणि ते खरं असतं. सावळीराम काका चतुर्थीचा कडक उपास अकरा कप चहावर काढतात. लताबाईंना उपाशीपोटी म्हणजे काय हे नीट ठाऊक होतं. ते फक्त हॉस्पिटलला ठाऊक असलेल्यापेक्षा वेगळं होतं.

सिस्टरने पुढच्या मंगळवारची तारीख दिली आणि विचारलं, घरात शिकलेलं कोणी नाही का? लताबाईंनी स्नेहाचा दंड धरून तिला पुढे केलं. “ही आहे ना. एम.एस्सी.”

घरी येताना रिक्षात स्नेहाच्या डोक्यात एक वेगळाच प्रश्न आला. तिने विचारलं, पप्पांची दर वर्षी उपाशीपोटी साखर तपासतात, तेव्हा काय करता? मम्मी म्हणाली, तेव्हा पण तसंच, चहा देऊनच पाठवते, रक्त काढल्यावर चक्कर येते ना. स्नेहाने बाहेर बघितलं. दहा वर्षांचे रिपोर्ट तिने स्वतः तारखेप्रमाणे फाइलला लावले होते आणि त्यांचा एक आलेखही काढला होता.

दुसऱ्या खेपेची चूक तिची स्वतःची. पप्पांना चहाविना डोकं दुखतं, हात थरथरतात, म्हणून तिने शोध घेतला आणि तिला सापडलं की अशा तपासणीआधी दोन तासांपर्यंत काही ठिकाणी पाणी आणि कोरा चहा चालतो. दूध नको, कारण दूध म्हणजे अन्नच. तिने हॉस्पिटलला फोन केला. चौथ्यांदा उचलला. पलीकडच्या माणसाने कोरा ना, चालेल बहुतेक, असं म्हणून ठेवून दिला. स्नेहाने मंगळवारचं वेळापत्रक फ्रिजला चिकटवलं: सात वाजता, एक कप, कोरा, गरम नाही.

आता कोऱ्या चहाची या घरातली गोष्ट वेगळी होती. पप्पा नांदगावकडच्या खेड्यात कोऱ्या चहावर वाढले होते. घरात दूध नसायचं म्हणून कोरा. लग्नात त्यांनी लताबाईंना दागिना फारसा घातला नाही, पण एक शब्द दिला होता की आपल्या घरात दूध कधी संपणार नाही. तो त्यांनी चौतीस वर्षं पाळला. त्या माणसापुढे सकाळी सात वाजता काळा कप ठेवायचा लताबाईंचा हात धजेना. त्यांनी एक चमचा दूध घातलं. रंगापुरतं. मग रंग नीट येईना म्हणून आणखी दोन.

पप्पांनी हॉस्पिटलात सगळं खरं सांगितलं. खोटं बोलण्याची त्यांना सवय नव्हती, निदान तोपर्यंत तरी नव्हती. सिस्टरने विचारलं, तुम्हाला चहा चालतो असं सांगितलं कोणी? पप्पांनी स्नेहाकडे बोट केलं. स्नेहा म्हणाली की फक्त कोरा सांगितला होता, आणि पारदर्शक द्रवाबद्दल काही बोलू लागली. सिस्टर म्हणाली, “मॅडम, तुम्ही बाहेर बसा.”

तिसऱ्या मंगळवारसाठी कागदही नव्याने करावे लागले. केसपेपरची मुदत दहा दिवसांची, ती त्याआधीच संपत होती. नवा केसपेपर चार नंबरच्या खिडकीवर. त्यावर दोन नंबरच्या खिडकीची सही. दोन नंबरचे साहेब चहाला गेले होते. स्नेहा पाऊण तास उभी राहिली. शेवटी सिस्टरने एक छापील हमीपत्र पुढे सरकवलं, रुग्ण पूर्णपणे रिकाम्या पोटी येईल, आणि त्याखाली हाताने लिहिलं, ‘चहासुद्धा नाही.’ तिघांच्या सह्या घेतल्या.

सोमवारी रात्री स्नेहाने चहा पावडरचा आणि साखरेचा डबा आपल्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. दूधवाल्याला उद्या दूध नको म्हणून सांगितलं. पप्पा बघत होते. त्या दिवशी जेवताना त्यांचा घास दोनदा अडकला होता, आणि दुसऱ्या वेळी पाणीही खाली उतरायला वेळ लागला होता.

मंगळवारी सकाळी सहाला ते फिरायला गेले आणि पावणेसातला परत आले. चप्पल काढता काढता म्हणाले, चूक झाली. सवयीने गोरक्षच्या टपरीवर थांबलो, त्याने कटिंग हातात दिला, लक्षातच आलं नाही. आता पुढच्या मंगळवारी जाऊ.

स्नेहा तशीच खाली उतरली आणि कॉलनीच्या कोपऱ्यावर गेली. गोरक्षला काय काय बोलायचं ते तिने वाटेत ठरवलं होतं, क्रमाने. आजारी माणसाला विचारल्याशिवाय चहा देणं, त्याच्या चहाचं तापमान, आणि टपरी फुटपाथवर असणं, हेही.

गोरक्षने सगळं ऐकून घेतलं. फडक्याला हात पुसले. “ताई, मी नाही दिला. काकांनीच मागितला. आणि प्यायले कुठं? तिथं बाकावर ठेवून बसले अर्धा तास. वर साय धरली. जाताना तसाच्या तसा परत दिला. म्हणले, कोणी विचारलं तर पिऊन गेलो म्हणून सांग.”

स्नेहाला हे पटकन कळलंच नाही. चहा पिऊन प्यायलो नाही म्हणणारी माणसं तिच्या अनुभवात होती; उलट करणारं कोणी नव्हतं. तिने गोरक्षला दोनदा विचारलं. त्याने दोनदा तेच सांगितलं आणि पुरावा म्हणून बाकाखालची बादली दाखवली, ज्यात तो कटिंग ओतला होता. जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर ती थांबली, आणि मग सावकाश वर गेली.

पप्पा गॅलरीत खुर्चीवर बसले होते. ती शेजारी उंबरठ्यावर बसली आणि म्हणाली, “साय धरली होती म्हणे.”

पप्पा समोरच्या शेवग्याकडे बघत होते.

“वर्षातून एकदा बॉयलर बंद करून उघडायचो आम्ही,” ते म्हणाले. “चांगला चाललेला असायचा. आवाज नाही, गळती नाही. पण उघडला की काहीतरी निघायचंच. एकतीस वर्षांत एकदाही असं झालं नाही स्नेहा, की उघडला आणि काही निघालं नाही.”

तिच्याकडे यावर सांगण्यासारखं बरंच होतं. टक्केवारी होती. कुठल्या वयात काय निघतं याचे तक्ते होते. पण ते सगळं वाचतानाही तिला आत काय आहे हे खरं तर कळून घ्यायचं नव्हतंच, हे तिला त्या क्षणी जाणवलं. गल्लीभर फिरून लोकांचे कप मोजले, तेवढे दिवस पप्पांना रिक्षात घालायचं मात्र तिने टाळलं होतं. ते मम्मीनेच केलं.

तिने एवढंच विचारलं, “मग उघडायचा कशाला?”

“नाही उघडला तर एक दिवस फुटतो,” पप्पा म्हणाले. आणि बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्यांनी स्वतःच ऐकलं. मग उठले आणि इस्त्रीचा शर्ट कुठे आहे म्हणून लताबाईंना हाक मारली.

हॉस्पिटलात सिस्टरने हमीपत्र हातात घेऊन विचारलं. पप्पा म्हणाले, “काही नाही. चहासुद्धा नाही.” सिस्टरने लताबाईंकडे बघितलं. लताबाई म्हणाल्या, मी पण नाही घेतला. मग स्नेहाकडे. तिनेही घेतला नव्हता, घरात दूधच नव्हतं. तिघांचे चेहरे बघून सिस्टरला बहुधा खात्री पटली. तिने पप्पांच्या घशात बधिर करणारा फवारा मारला आणि त्यांना आत नेलं.

बाहेरच्या बाकावर मायलेकी बसल्या. लताबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं, गुंडाळलं आणि सोडलं. वीस मिनिटं म्हणाले होते, पस्तीस झाली. स्नेहाने पस्तीस मिनिटांची कारणं मनात मांडून पाहिली. चांगली तीन होती, वाईट एकच होतं, आणि तीन मिळून त्या एकाला भारी पडत नव्हती.

डॉक्टर बाहेर आले. सूज आहे, आम्लाने आतून सोलवटलंय, खालच्या बाजूला नळी थोडी आवळलीय, म्हणून घास अडकतो. गाठ दिसत नाही. तुकडा तपासायला पाठवलाय, आठ दिवसांत कळेल.

स्नेहाने विचारलं, हे चहामुळे झालं का? डॉक्टर म्हणाले, असेल. की गरम चहामुळे? तेही असेल. मग कॉफी? डॉक्टरांनी तिच्याकडे जरा काळजीने बघितलं आणि विचारलं, वडील जेवून लगेच झोपतात का? झोपत होते. एकतीस वर्षं पाळ्यांच्या ड्यूटीवर, जेवण झालं की पाठ टेकायची, ही शिस्तच होती. याबद्दल स्नेहाच्या वहीत एक अक्षर नव्हतं.

ते आठ दिवस कसे गेले हे पगारेंच्या घरात कोणी कोणाला विचारत नाही. नवव्या दिवशी रिपोर्ट आला. कर्करोग नव्हता. स्नेहाने तो तीनदा वाचला, चौथ्यांदा मोठ्याने वाचला, आणि वाचता वाचता तिचा आवाज गेला तेव्हा उज्वलाकाकूंना भिंतीपलीकडून वाटलं की काहीतरी वाईट झालं. त्या धावत आल्या. लताबाईंनी त्यांना मिठी मारली. काकूंनी हे आपल्या गार दुधामुळे झालं असं सांगितलं, आणि त्या दिवशी कोणी वाद घातला नाही.

डॉक्टरांनी दोन महिन्यांच्या गोळ्या दिल्या, जेवणानंतर तीन तास आडवं व्हायचं नाही असं बजावलं, कॉफी बंद केली. चहा दोन वेळा चालेल म्हणाले, पण ओतल्यावर पाच मिनिटं तसाच ठेवायचा आणि मग प्यायचा.

ही पाच मिनिटं म्हणजे नवीनच प्रकरण निघालं. पप्पांना चहा आणि पिणं यांच्यात मोकळा वेळ असण्याची सवय नव्हती. पहिल्या दिवशी त्यांनी कपाकडे बघत पाच मिनिटं काढली. दुसऱ्या दिवशी त्यांना बोलावंसं वाटलं. नांदगावहून पहिल्यांदा नाशिकला नोकरीच्या मुलाखतीला आले होते, ती गोष्ट त्यांनी काढली. चुलतभावाचा शर्ट घातला होता, बाह्या लांब होत्या, म्हणून साहेबापुढे हात मागे बांधून उभे राहिले आणि साहेबाला वाटलं पोरगा शिस्तीचा आहे. स्नेहाने हे कधी ऐकलं नव्हतं. लताबाईंनीही नव्हतं. दोघी ऐकत राहिल्या.

गोष्ट संपली तेव्हा चहाला बावीस मिनिटं झाली होती. पप्पांनी कप ओठाला लावला आणि तोंड वाकडं केलं. गार ढोण झालाय म्हणाले. लताबाईंनी तो पातेल्यात ओतून चांगला उकळी येईपर्यंत तापवला आणि वाफाळता कप परत आणून त्यांच्यापुढे ठेवला.

पप्पांनी घड्याळ बघितलं, खुर्चीत मागे टेकले आणि म्हणाले, “तर मग पुढं काय झालं, साहेबानं मला हात पुढं करायला सांगितलं.”